दोस्तीच्या चौकाखाली

माजं माहेर महाळुंग्याचं. लगीन होऊन हितं पिंपरीच्या शिवारात आले तवा चौक न्हवता, रस्ता न्हवता, आमचं ज्वारीचं रान हुतं आन् बांधावर एक बाभळ. तुमी लेकरू घेऊन बसलाय ना ताई बाकावर, ती जागा आमची ज्वारीच समजा.

पयली पोरगी झाली, ठकी. लई आगाव, रांगाय लागली तशी चुलीकडंच धावायची. तापानं ग्येली. काय सांगू तुमाला, सकाळी अंगावर प्याली आन् दुपारी न्हाई. आमच्यात ल्हान लेकराला जाळत न्हाईत, पुरत्यात, खाली मीठ घालायचं, वर दगड, दगडावर काटं, कोल्ह्यानं उकरू नये म्हनून. आन् आईनं तिथं जायचं न्हाई, कुटं ठेवलं त्ये इचारायचं बी न्हाई, न्हाईतर फुडचं लेकरू टिकत न्हाई म्हनत्यात. सासूबाईनं मला दारातच धरून ठेवली. मालक परत आले आन् एवढंच म्हनले, आपल्याच रानात हाय, बांधाच्या अंगाला. मी इचारलं न्हाई. रानात खुरपाय जायची पर बांधाकडं पाठ करून बसायची.

मग कंपनी आली, रान ग्येलं. बाभळ तोडली, बांध सपाट केला, दगड खडीत ग्येले. मालकास्नी कळलं तसे पळत आले. रानातलं ढेकूळ न् ढेकूळ वळखनारा मानूस, पर बांधच न्हाई तर बांधाचं अंग कुटलं? फुफाट्यात मटकन बसले आन् म्हनले, मला गावंना गं. तवा पयल्यांदा त्यास्नी रडताना बघितलं. दोन वर्सांत त्ये बी ग्येले.

मग हितं गोल बाग केली, पाटी लावली. परमुलखातल्या कुठल्याशा शहराशी आपली दोस्ती झाली, तिचा ह्यो चौक, असं बागेचा मुकादम म्हनला. मला पानी घालाय ठेवली. तिकडची मानसं येनार, त्यांच्या गावची माती आननार, ती घालून मधी झाड लावायचं, म्हनून खड्डा खांदाय लागले. म्हनलं, दादा, जरा हळू खांदा. मुकादम हासला, का गं, हंडा पुरलाय का तुजा? म्हनलं, पोर पुरलीया माजी. त्यानं गड्याच्या हातातलं फावडं घेतलं आन् खाली बसून हातानं माती काढाय लागला, चिमूट चिमूट. काय निगालं न्हाई. जीव भांड्यात पडला बाई, आन् मग लई रडाय आलं, हितं न्हाई तर मग कुटं हाय गं तू?

पावनं आले, हार झाले, भाषनं झाली. त्यांच्यातल्या एका बाईनं माती घातली, डब्यातनं, हलक्या हातानं. तोंड चांगलं हुतं तिचं. दोस्तीला माजं काय म्हननं न्हाई, एवढ्या लांबनं आपल्या गावची माती कोन आनतंय? पर माजी हितंच हाय, ह्ये कुनी पाटीवर लिवलं न्हाई.

मुकादम म्हनतो, झाडाला जास्त घाल, गवताला कमी. मी सगळ्याला सारखं घालते, कडंला बी घालते. कुटं हाय ठावं न्हाई, मग एक कोपरा तरी तानेला कसा ठेवू? मागनं झालेली दोन पोरं देवानं राखली, शाळंत जात्यात.

ऱ्हाऊ द्या ताई, उचलू नगा लेकराला. गवतात रांगू द्या. बागेचा शिपाई वरडला तर मी बघते त्याच्याकडं. औक्षवंत होऊ दे बाय माजी.