डाव्या हाताचा रंधा

अध्यक्षमहोदय, सुलभा, आणि इथे जमलेली मंडळी,

आज बोलणं कठीण आहे. इतकी वर्षं बडोद्याची बातमीपत्रं लिहिली, कितीतरी लोकांबद्दल शेवटच्या दोन ओळी लिहायची वेळ आली. तेव्हा शब्द अडले नाहीत. आज अडताहेत. म्हणून अडलेला माणूस जे करतो तेच करतो. तक्रार करतो.

माझी तक्रार या फोटोच्या चौकटीबद्दल आहे.

अविनाशराव, रागावू नका. ऐन वेळी मांडवीच्या बाजारात धावपळ करून तुम्ही ती आणलीत हे मला माहीत आहे. पण ही चौकट प्लॅस्टिकची आहे. तिच्यावर सागाच्या रेषा छापल्या आहेत. चारही बाजूंना एकच गाठ, त्याच जागी, त्याच आकाराची. असा साग ब्रह्मदेवालासुद्धा जमलेला नाही. आणि कोपऱ्यात फट आहे. तुम्हाला वाटत असेल की दत्तूकाका फोटोतून आपल्या सगळ्यांकडे प्रेमाने पाहताहेत. नाही हो. ते त्या फटीकडे पाहताहेत.

हसा. त्यांना चाललं असतं. न चालणाऱ्या गोष्टी पुढे येतील.

ज्यांना दत्तूकाका फक्त मंडळाच्या गणपतीचं मखर करणारे म्हणून माहीत आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. दत्तात्रय पांचाळ. मराठी घरांत दत्तूकाका, गुजराती सुतारांत दत्तूभाई. ते सुतारांची हत्यारं करत. लाकूड तासायचे रंधे, पटाश्या, करवतींच्या मुठी. टेबलखुर्ची त्यांनी कधी केली नाही. ते म्हणायचे, "खुर्ची बसणाऱ्यासाठी असते. मी काम करणाऱ्यासाठी करतो." हे मी त्यांच्याच कारखान्यातल्या मोडक्या स्टुलावर बसलेलो असताना म्हणायचे. मला म्हणायचे. आणि मला ते 'शास्त्री' म्हणत, कारण मी संस्कृत शिकलेला. "शास्त्री, तुमच्या संस्कृतात सुताराला शब्द आहे. रंध्याला आहे का?" मी म्हणायचो, शोधून सांगतो. "शोधा, शोधा. तोवर मी दोन करतो."

त्यांची एक रीत होती. रंधा मागायला सुतार आला की ते त्याच्या हातात ओल्या मातीचा गोळा द्यायचे. "दाब." जसा रंधा धरशील तसा दाब. तो दाबायचा. बोटं रुतायची, तळवा उमटायचा. तो गोळा ते सावलीत वाळवायचे आणि त्यावरून रंध्याची मूठ कोरायचे. कुणाचं बोट वाकडं, कुणाचा अंगठा आखूड, कुणाच्या हाताला घट्टा. सगळं मुठीत उतरायचं. दुसऱ्या कुणी तो रंधा उचलला तर त्याला कळायचं, हा आपला नाही.

रंधा देऊन झाला तरी गोळा ते ठेवून घेत. कारखान्याच्या मागच्या भिंतीवर फळीच फळी. वाळलेल्या मातीच्या मुठी. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा माझ्या वैदिक डोक्यात दुसरं काय येणार? मी म्हटलं, काका, हे पिंड मांडल्यासारखं दिसतंय. ते म्हणाले, "पिंड मेलेल्यांचे असतात, शास्त्री. हे सगळे आत्ता कुठेतरी घाम गाळताहेत."

तेव्हा ते खरं होतं.

मग लिलाव आले. कुणा परदेशी कारागिराच्या हाती काकांचा एक रंधा पडला, त्याने त्याचा व्हिडिओ टाकला, आणि वर्षभरात दत्तूकाका 'भारतातील विख्यात हत्यारनिर्माते' झाले. ऑनलाइन लिलावात त्यांच्या हत्यारांसाठी वेगळं पान निघालं. आपल्याला इथे फतेगंजमध्ये अभिमान वाटला. मीही बातमीपत्रात लिहिलं. शाल दिली, नारळ दिला. काकांनी नारळ खाल्ला आणि शालीने पाती पुसली.

मंडळी, एक विचारतो. त्या पानावर रंधा येतो तो कुणाकडून येतो?

हा प्रश्न आपल्यापैकी एकालाही पडला नाही. काकांना पहिल्याच दिवशी पडला. सुलभाने हौसेने मोबाईल दाखवला, "बाबा, बघा तुमचा रंधा!" त्यांनी चष्मा लावला, मूठ पाहिली आणि म्हणाले, "डभोईचे मगनभाई गेले." गेलेच होते. मुलांनी घर आवरताना रंधा विकला होता.

तेव्हापासून तो लिलाव म्हणजे काकांचं निधनवार्तांचं पान. सकाळी चहा आणि ते पान. फोटोतली मूठ ओळखायची, फळीवरचा तो गोळा खाली काढायचा, त्या घरी फोन करून दोन शब्द बोलायचे. माणूस गेल्याचं घरच्यांहून जास्त दु:ख करणारा हा एकच कारागीर मी पाहिला.

आणि मग पादरा गावच्या कानजीभाईंचा रंधा आला. ओळखायला क्षणही लागला नाही. कानजीभाईंची तर्जनी करवतीने कापून वाकडी जोडली गेली होती, त्या वाकड्या बोटासाठी मुठीत खाच होती. मी समोरच होतो. काकांनी टोपी घातली, हो, फोन करायला टोपी घातली, आणि नंबर लावला.

"हुं दत्तू बोलुं छुं, बडोदाथी. बहु खोटुं थयुं, भाई. कानजीभाई जेवो माणस नहीं मळे." फार वाईट झालं, असा माणूस मिळणार नाही.

पलीकडून आवाज आला, "दत्तूभाई, हुं कानजी ज छुं." खुद्द कानजीभाईच!

काका म्हणाले, "तबियत?"

"एकदम सारी! दत्तूभाई, तमारो रंधो तो बहु सारा घरे गयो हों!"

बहु सारा घरे गयो. चांगल्या घरी पडला. लेक दिल्यासारखं बोलत होता बिचारा. त्यात त्याचं चुकलं तरी काय? त्याने विजेवरचं यंत्र घेतलं होतं, रंधा धूळ खात होता, मागणी आली, दिला. त्याला वाटलं, दत्तूभाई खूश होतील.

काकांनी फोन ठेवला. टोपी काढली. मला म्हणाले, "शास्त्री, तो गेला असता तर मी रडलो असतो. हा तर बरा आहे. आता मी काय करू?"

मी हसलो होतो. टोपी घालून जिवंत माणसाला केलेला सांत्वनाचा फोन, कुणीही हसेल. तुम्हीही आत्ता हसलात. पण त्यानंतर ते पान त्यांच्यासाठी बदललं. आता दर रंध्याला प्रश्न, गेला की विकला? त्यांनी फोन करणं बंद केलं. एकदा मला स्पष्ट म्हणाले, "हल्ली एखादा खरंच गेलेला निघाला की बरं वाटतं." हे वाक्य दत्तूकाकांच्या तोंडचं आहे, मंडळी. मुंगीला वाट देऊन लाकूड उचलणाऱ्या माणसाच्या.

आणि त्या पानावरची भाषा! मी भाषेवर जगणारा माणूस, म्हणून मला ती जास्त लागते. 'स्थिती उत्तम. वापरलेले नाही.' म्हणजे वर भाव. 'मुठीवर घामाने काळवंडल्याची खूण.' ही कुठल्या सदरात? दोषांच्या. कुणी तरी तो दोष घालवायला मूठ पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत करून पाठवली. घट्टा गेला, वाकडं बोट गेलं, माणूस गेला, मूठ मात्र चकचकीत. काका तो फोटो पाहून म्हणाले, "याला आता कुठलाच हात नाही." त्यानंतर त्यांनी नवा रंधा केला नाही. आजार पुढे आला. डॉक्टरांच्या कागदावर आजाराचं नाव आहेच. मी त्या कागदाशी भांडत नाही.

ते गेले ती बातमी आपल्या मंडळाच्या फलकावर दुपारी लागली. मी माझं लिहायला संध्याकाळी बसलो. त्या लिलावाच्या पानावर मात्र ती आधीच होती. 'निर्मात्याचे नुकतेच निधन.' लाल अक्षरांत. आयुष्य बातम्यांत घालवून मी माझ्या सगळ्यात जवळच्या माणसाच्या बातमीत मागे पडलो, आणि कुणाच्या मागे? ज्यांच्यासाठी ती बातमी म्हणजे भाववाढ होती त्यांच्या. आता कृपा करून कुणी मोबाईल काढून पाहू नका. मी इथून पाहतोय. नंतर पाहा.

घरी गर्दी ओसरायच्या आत लिलाववाल्यांचा प्रतिनिधी सुलभाला भेटून गेला. फार सभ्य माणूस. हार घेऊन आला होता. त्याला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, भिंतीवरच्या मातीच्या मुठी. हो, त्याही! प्रत्येक रंध्यासोबत त्याची मूठ, म्हणजे अस्सलपणाचा पुरावा. आणि दुसरी, काकांचा स्वत:चा रंधा. ज्या रंध्याने त्यांनी बाकीचे सगळे रंधे केले तो.

तो रंधा माझ्याकडे आहे. आज बरोबर आणलाय. हा या पिशवीत.

काकांनी दवाखान्यात माझ्या हातात तो दिला आणि म्हणाले, "शास्त्री, ज्याच्या हातात बसेल त्याला द्या. काम करणाऱ्याला. फळीवर ठेवणाऱ्याला नको." सोपं वाटलं मला. हो म्हणालो. बाहेर आल्यावर लक्षात आलं, काका डावखुरे होते. ही मूठ डाव्या हाताची आहे. तेव्हा मला हवा होता डावखुरा सुतार, जो अजून हाताने रंधा मारतो.

शोधला. मांडवीत शोधला, फतेगंजमध्ये शोधला, गोरवा-मकरपुऱ्यापर्यंत गेलो. सुतार भरपूर आहेत. डावखुरेही आहेत. शेवटी वासण्याला एका नव्या इमारतीत हसमुख सापडला. फ्लॅटमध्ये कपाटं बसवत होता. मी रंधा त्याच्या डाव्या हातात दिला. त्याने मूठ धरली आणि त्याचा चेहरा बदलला, मी पाहिला तो.

म्हणाला, "साहेब, आ तो जाणे मारा हाथमां ज ऊग्यो छे." जणू माझ्या हातातच उगवलाय.

मी म्हटलं, मग ठेव! तुझाच!

त्याने आजूबाजूला पाहिलं. प्लायवूड, सनमायका, डिंकाचे डबे. त्या खोलीत लाकूड म्हणावं असं काही नव्हतं. "राखीने करुं शुं, साहेब? आमां क्यां फेरवुं?" ठेवून करू काय, यात कुठे फिरवू? मग बिचाऱ्याला मला दुखवायचं नव्हतं. म्हणाला, "घरना मंदिरमां मूकीश. रोज अगरबत्ती करीश." आणि त्यालाच जोडून, "खोटुं नहीं बोलुं, पछी छोकराओ वेची देशे." नंतर मुलं विकून टाकतील.

मी रंधा परत घेतला. देव्हाऱ्यात बसवायला काकांनी तो दिला नव्हता. खरं सांगू? त्याच्यावर मला राग धरता येईना. त्याच्याइतकं सरळ आजवर माझ्याशी कुणी बोललं नव्हतं, सत्काराच्या व्यासपीठावर तर नाहीच.

आता सुलभाबद्दल. ती समोर बसली आहे, तिची परवानगी घेऊन बोलतो. त्या सभ्य माणसाला तिने अजून उत्तर दिलेलं नाही. मला म्हणाली, "शास्त्रीकाका, शोकसभेपर्यंत थांबते. तोवर कुणी मिळालं तर रंधा त्याचा, आणि मुठी मी सांभाळीन. नाही मिळालं तर सगळं देऊन टाकते." मी चिडलो. बरंच बोललो. ती शांतपणे म्हणाली, "काका, तिथे निदान कुणी पात्याला तेल लावेल."

म्हणून आज मी इथे श्रद्धांजली वाहायला उभा नाही. शोधायला उभा आहे. या सभागृहात डावखुरा कोण आहे? हात वर करा. डावा. अविनाशराव, तुम्ही कळवळ्याने केलात, पण तो उजवा आहे. बाकीचे? मागे दोघं-तिघं आहेत. छान. आता यातलं लाकूडकाम कोण करतं?

कोणी नाही.

कुणाच्या ओळखीत? शेजारी, भाचा, कुणी शिकणारं? सावकाश आठवा. मी थांबतो.

ठीक आहे.

लिलाववाल्यांना मी इतका वेळ नावं ठेवली, ती ठेवायलाच हवी होती. पण मला खरी काळजी त्यांची नाही. काल रात्री जेवणानंतर मी या रंध्याचं पातं काढून पाहिलं. त्याच्या कडेला गंज धरायला लागलाय. काकांच्या हातून सुटून अजून महिनाही झालेला नाही. माझ्याकडे राहिला तर तो खराब होईल, कारण मला त्याला धार लावता येत नाही, आणि माझा हातही उजवा आहे. सभा संपली की सुलभा माझ्याजवळ येईल आणि विचारेल, "काका, काय करू?" मला भीती वाटते की ती त्या माणसाला हो म्हणायचं ठरवून आली आहे. आणि तिला नको म्हणायला माझ्याकडे एकही कारण उरलेलं नाही.

रंधा फोटोसमोर ठेवतो. त्याला हार घालू नका.

आता आपण सगळे उभे राहू, थोडा वेळ काही न बोलता. त्या वेळात कुणाला एखादं नाव आठवलं, तर शांतता मोडली तरी चालेल.