वाकडी पाटी

मी, बाजारपेठेतल्या शिलाई मशीन दुरुस्तीवाल्यांची सून, वय त्रेचाळीस, धंदा त्याच दुकानात दुरुस्ती, राहणार दुकानाच्या वरच्या खोल्यांत. पेठेत सगळे मला वहिनी म्हणतात. पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून आले असून समोर बसून सांगते ते असे.

घरात मी, माझे पती आणि सासरे असे तिघे राहतो. पती मशिनांचे सुटे भाग आणायला बाहेरगावी गेले आहेत. सासऱ्यांना आम्ही दादा म्हणतो. दुकान त्यांनीच सुरू केलेले आहे. हल्ली त्यांच्या लक्षात राहत नाही. मशीन समोर ठेवले की हात बरोबर चालतात, पण आपण जेवलो का, हे ते मला विचारतात.

पालिकेने आमच्या पेठेचे नूतनीकरण काढले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गटारे झाकली, फरशी बसवली, दिवे आले. पूर्वी अंधार पडायच्या आत पेठ ओस पडायची. आता संध्याकाळी बायका मुलांना घेऊन येतात, बाकांवर बसतात. दादाही बसतात आणि शेजारी असेल त्याला, पेठ बाळसं धरतेय, असे सांगतात.

योजनेत सर्व दुकानांना एकसारख्या पाट्या दिल्या. करडा रंग, पांढरी अक्षरे, सगळ्या एका रेषेत. आमची जुनी पाटी डावीकडे कललेली होती. दुकानाला लोक वाकडी पाटी असेच म्हणत. माझ्या माहेरची पत्रेसुद्धा त्याच पत्त्यावर यायची.

नवी पाटी लागल्यापासून दादा सकाळी कोपऱ्यावर चहा पिऊन परत येताना दुकान ओलांडून पुढे जाऊ लागले. एकदा ते शेजारच्या चपलांच्या दुकानात जाऊन गल्ल्यावर बसले. चपलावाल्यांनी मला हाक मारली. मी गेले तेव्हा दादा त्यांना विचारत होते, "आमची मशिनं कुठे ठेवलीत? आणि एवढ्या चपला? घरात कोण कोण आलंय?"

चपलावाले म्हणाले, "बसा दादा निवांत. तेवढंच माझं दुकान सांभाळलं जाईल."

दुसऱ्या वेळी ते मोठ्या रस्त्यापलीकडे बस थांब्यावर सापडले. ते कोणत्या स्थितीत सापडले हे मी येथे सांगत नाही.

घटनेच्या दिवशी सकाळी मी वरून खाली आले तर दादा दुकानासमोर स्टुलावर उभे होते. हातात स्क्रू ड्रायव्हर होता. पाटीचा डावीकडचा स्क्रू त्यांनी सैल केला होता. मी हाक मारली नाही, कारण ते दचकले असते. मी जाऊन स्टूल धरले. ते वरून म्हणाले, "खालून बघ गं. आली का सरळ?"

मी म्हणाले, "अगदी सरळ आली, दादा."

मग त्यांनी स्क्रू आवळला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरले.

पाट्या बसवणाऱ्या ठेकेदाराचे मुकादम समोर उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "वहिनी, त्यांचं वय झालं. तुमचे डोळे तरी शाबूत आहेत ना?" मी स्टूल उचलून आत ठेवले. योजनेच्या पाटीची नासधूस केली म्हणून मुकादमांनी दादांच्या नावाने तक्रार दिली. पाटीवर ओरखडाही नाही.

पाटी वाकडी दिसत असताना सरळ आहे असे का सांगितले, असे मला विचारण्यात आले. त्यावर माझे म्हणणे असे की, जुनी पाटी दादांनी लावली तेव्हा खालून सासूबाई बघत होत्या. त्या दिवशी त्यांची मान डावीकडे कलून आखडली होती. त्यांना पाटी सरळ दिसली, म्हणून त्यांनी सरळ आहे असे सांगितले. दादा खाली उतरल्यावर पाटी वाकडी असल्याचे त्यांना दिसले. ते काही बोलले नाहीत. पुढे सासूबाईंची मान सुटली, त्यांनाही दिसले. त्याही बोलल्या नाहीत. हे मला सासूबाईंनी शेवटच्या आजारपणात हसत हसत सांगितले. आमच्या घरात ती पाटी सरळच धरली जाते.

हवालदार म्हणाले, "म्हणजे पाटी वाकडी आणि माणूस सरळ."

मी म्हणाले, "त्यांनी जन्मात कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. एवढी एक पाटी सोडली तर."

त्या दिवसापासून दादा चहा पिऊन थेट दुकानात येतात. आल्यावर वर बघतात आणि मग चप्पल काढतात.

मुकादम पाटी पुन्हा रेषेत आणणार असे कळले. आणायची असल्यास आणावी. मात्र मग रोज सकाळी त्यांच्यापैकी कुणीतरी कोपऱ्यावर उभे राहून दादांना हाताला धरून घरी आणावे.

गुन्हा नोंदवायचा असल्यास स्टूल मी धरले होते, माझे नाव घ्यावे. दादांना ठाण्यात बोलावू नये. त्यांना विचारले तर पाटी सरळ आहे असेच ते सांगतील, आणि ते खोटे बोलत नसतील.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात दादांनी पाटी बिघडवली असे लिहिले होते, ते खोडून दादांनी पाटी लावली असे करून घेतले आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.