दांडीखालची तारीख

मुलगी : बाबा, स्क्रूड्रायव्हर द्या इकडे. खिशात घालून काय बसलाय?

बाबा : अगं, पण उघडायची गरजच काय? गिटार जुनी आहे हे आंधळ्यालाही कळेल. विकत घेणाऱ्याला सांग, मिस्तरीनं शब्द दिलाय म्हणावं.

मुलगी : संग्राहक आहे तो. शब्दावर घेत नाही. त्याला नेकच्या, म्हणजे दांडीच्या, बुडाशी पेन्सिलीनं लिहिलेल्या तारखेचा फोटो हवाय. जुन्या कारखान्यात कामगार हातानं तारीख टाकायचे, आणि कंपनीनं नंतर पुन्हा काढलेल्या गिटारींवर, म्हणजे रीइश्यूवर, नुसता शिक्का असतो. हे मला कोणी शिकवलं?

बाबा : शिकवलं असेल मी. म्हणून शिकवलेलं सगळंच धरून बसायचं का?

मुलगी : गिटार काकांची आहे, तुमच्या दादांची, आणि ते चार वाजता येतायत. सव्वातीन वाजले.

बाबा : मग तू दोन्ही वाजवून दाखव ना! दादांची जुनी आणि त्यांच्या शिष्याची ती नक्कल. तेवढ्यासाठीच तर त्याची मागवून घेतलीय. ऐकणाऱ्याला फरक कळतोच.

मुलगी : वाजवल्या सकाळी. एकाच ॲम्पवर, दोन्हींना नव्या तारा लावून. आवाज म्हणाल तर काकांचीच भारी, प्रश्नच नाही. शिष्याची त्यापुढे जरा पातळ. पण हाताला? काकांची अगदी दांडगट लागते. अंगठा कुठे ठेवावा तेच समजत नाही. आणि शिष्याची रीइश्यू हातात घेतली की बोटं आपोआप पळतात. उलटं नको का असायला?

बाबा : लाकूड आहे. हवेनं फुगतं.

मुलगी : साठ वर्षांचं लाकूड आता फुगणार? बाबा, तुम्हाला घाम का फुटलाय एवढा? पंखा चालू आहे. बीपीची गोळी घेतली का नाही?

बाबा : घेतली. आधी दार लाव.

मुलगी : का?

बाबा : लाव म्हटलं ना. कडीही घाल. आणि ओरडू नकोस माझ्यावर.

मुलगी : घातली. बोला आता.

बाबा : ती दांडी दादांची नाही.

मुलगी : म्हणजे?

बाबा : खोकं दादांचं, पिकअप दादांचे, वायरसुद्धा दादांचीच. दांडी नकलेची. आणि दादांची दांडी तिकडे, शिष्याच्या गिटारीवर. अकरा वर्षं झाली.

मुलगी : कोणी केलं हे?

बाबा : या हातांनी. दुसरं कोण हात लावणार होतं?

मुलगी : मुद्दाम?

बाबा : असं विचारतेस मला? तू?

मुलगी : मग नीट सांगा. तुमच्या अशा बोलण्यानं मला आणखी भीती वाटते.

बाबा : दोन्ही गिटारी एकदमच आल्या होत्या. दादांची दांडी झिजलेली, फ्रेट, त्या धातूच्या पट्ट्या, पार गेलेल्या. शिष्याचा हट्ट, माझीही गुरुजींसारखी करून द्या. मी दोन्ही दांड्या सोडवल्या, घासल्या, एकाच डब्यातलं लॅकर मारलं. खुंट्याही एकसारख्या घातल्या. वाळल्यावर दोन्ही अशा दिसत होत्या की जुळ्या बहिणी.

मुलगी : चिठ्ठी बांधायची ना! आपल्याकडे स्क्रू सुटा ठेवला तरी चिठ्ठी लावतात.

बाबा : ते त्याच्यानंतरचं. तूच हसायचीस, बाबांना चिठ्ठ्यांचं खूळ लागलंय म्हणून.

मुलगी : निदान बुडाशी बघायचं. पेन्सिल कुठली, शिक्का कुठला, एका नजरेचं काम.

बाबा : नाही बघितलं. मिजास होती गं. इतकी वर्षं मी दादांचं वाद्य सांभाळतोय, मला काय तारीख वाचायला लागते? डोळे मिटून हात फिरवला आणि म्हटलं, ही दादांची. पण लॅकर ताजं. दोन्ही सारख्याच गुळगुळीत. नकलेची केसभर जाड होती, तेवढं हाताला लागलं नाही.

मुलगी : पण काकांना लागलं असणार.

बाबा : दोनदा आले ते. मिस्तरी, हात परका वाटतोय, म्हणाले. मी म्हटलं, नवे फ्रेट आहेत, होईल सवय. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं, तुझ्या आईची शपथ.

मुलगी : आईला मध्ये आणू नका. पुढे?

बाबा : पुढचं तुला ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे.

मुलगी : कार्यक्रमात वाजवता वाजवता थांबले आणि उठून आत गेले. ते त्यामुळे?

बाबा : डॉक्टर केले. तपासण्या झाल्या. रबरी चेंडू दाबत बसायचे दिवसभर. डॉक्टर म्हणाले, हातात काही दोष नाही, वय झालं. त्रेपन्न वर्षांचे होते दादा. मग त्यांनीच जाहीर करून टाकलं, माझे हात गेले, यापुढे मी शिकवीन फक्त.

मुलगी : आणि तुम्हाला कधी कळलं?

बाबा : त्यानंतर तीन महिन्यांनी. शिष्याची दांडी वाकली म्हणून मी ती उघडली. बुडाशी पेन्सिल. तारीख. खाली त्या कामगाराची आद्याक्षरं.

मुलगी : मग?

बाबा : परत बंद केली.

मुलगी : बाबा!

बाबा : रोज ठरवायचो, उद्या सांगतो. त्यांच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलोय, एकदा नाही, कितीदा तरी. काय सांगू? दादा, तुमचे हात शाबूत होते, मी तुमचं वाजवणं घालवलं? त्यांनी मला तिथल्या तिथे गाडलं असतं तर बरं झालं असतं. पण ते नुसते बघत राहिले असते ना, त्याची भीती वाटायची. अजून वाटते.

मुलगी : पाणी प्या.

बाबा : पाणी नको. ऐक. आत्ता दोन्ही आपल्या टेबलावर आहेत. आठ स्क्रू. अर्ध्या तासात ज्याची दांडी त्याला. तू तारखेचा फोटो काढ, घेणारा खूश, दादांना पैसे मिळतील. कोणाला कळायचं नाही.

मुलगी : (शिष्याची गिटार उलटी करून चारही स्क्रू बघते.)

बाबा : काय बघतेस? करायचं ना?

मुलगी : खरं सांगू? मला मोह होतोय. हे बाहेर गेलं तर आपल्याकडे कोण वाद्य देईल? मिस्तरीनं दांड्या बदलल्या, एवढंच लोक म्हणतील. चुकून हा शब्द कोणी बोलणार नाही. दुकानाचं शटर डोळ्यांसमोर येतंय माझ्या.

बाबा : म्हणून म्हणतो, आण तो हत्यारांचा डबा. कर सुरुवात.

मुलगी : शिष्याचं काय?

बाबा : त्याचं काय? त्याला त्याचीच दांडी मिळेल.

मुलगी : अकरा वर्षं या दांडीवर वाजवतोय तो. शनिवारी त्याचा मोठा कार्यक्रम आहे. गिटार घरी नेईल, हातात घेईल, आणि हात परका वाटेल. मग येईल आपल्याकडे. तेव्हा काय सांगायचं? होईल सवय?

बाबा : नको ना असं बोलूस.

मुलगी : चेंडू दाबत बसेल तोही. पस्तिशीचा पोरगा आहे, बाबा. तुम्ही एका माणसाला घाबरून अकरा वर्षं गप्प बसलात. मी दुसऱ्यासाठी आणखी अकरा वर्षं बसणार नाही. मला नाही जमायचं. मी तर आठवड्यात बडबडून टाकीन.

बाबा : मग तू सांग दादांना. मी मागच्या दारानं जातो. पाया पडतो तुझ्या.

मुलगी : उठा, वेड्यासारखं करू नका. वडील आहात माझे.

(दारावर थाप पडते. मुलगी कडी काढते.)

काका : काय गं छोटी, भरदिवसा कडी? आत खजिना मोजताय की काय बापलेक?

मुलगी : या ना काका. बसा. लवकर आलात.

काका : घरी जीव लागेना. विकायची म्हटली तर वाटतं, कालपर्यंत कोपऱ्यात धूळ खात होती तेच बरं होतं. झाला का फोटो? मिस्तरी, अरे तुझा चेहरा असा का पडलाय?

मुलगी : काका, एक सांगायचं होतं. त्याचं असं झालं...

बाबा : थांब. तू नको. मी सांगतो.

काका : कोणी गेलं का?

बाबा : दादा, ही दांडी सोडवून बुडाशी बघा. शिक्का आहे. तुमच्या दांडीवर पेन्सिलीची तारीख होती. ती दांडी तुमच्या शिष्याच्या गिटारीवर आहे. त्या वेळी फ्रेट घातले तेव्हा माझ्या हातून अदलाबदल झाली. तुम्ही दोनदा येऊन सांगितलंत, हात परका वाटतो. बरोबर होतं तुमचं. दांडीच परकी होती. मला नंतर कळलं आणि मी भ्यालो. तुमचे हात गेले नव्हते, दादा. मला मारा, पण काहीतरी बोला.

काका : छोटी, हा शुद्धीवर आहे ना?

मुलगी : खरं आहे काका. मी आत्ताच दोन्ही उघडून बघणार होते.

काका : म्हणजे हातात दोष नाही, हे डॉक्टर खरं बोलत होते. आणि मी त्यांना मूर्खात काढत होतो.

बाबा : दादा...

काका : गप्प बस रे जरा. अकरा वर्षं गप्प बसलास, आणखी दोन मिनिटं बस.

मुलगी : काका, तुम्ही म्हणाल तसं करू. पोलिसांत जायचं तर तेही.

काका : पोलीस काय करतील? बोटांचे ठसे घेतील? शिष्याला फोन लाव. त्याला विचारल्याशिवाय त्याच्या गिटारीला हात लावायचा नाही. दे इकडे, मीच बोलतो... हां, मी बोलतोय. तुझी दांडी आज मला हवीय. शनिवारचं वाजवणं पुढे ढकल. कारण भेटल्यावर सांगतो, ऐकून बसशील खाली. हो. हो रे बाबा, दांडीविना ठेवणार नाही तुला, तुझ्यासाठी तशीच दुसरी घडवून घेऊ मिस्तरीकडून. ठेव.

मुलगी : आणि घेणाऱ्याला काय कळवू?

काका : सांग, मालकाचं अजून ठरत नाहीये. लाव ती दांडी.

बाबा : मी लावू, दादा?

काका : तू नको. पोरीला लावू दे. तू इथे माझ्याजवळ बस.

मुलगी : दहा मिनिटांत होईल काका. मग लगेच वाजवून बघा.

काका : लगेच?

मुलगी : हो. आता सगळं तुमचंच. हात लावलात की कळेलच.

काका : तेच ना. आणि आता नाही वाजली तर? इतके दिवस निदान म्हणता यायचं, वय झालं. मिस्तरी, मला धर रे जरा.

बाबा : धरलंय, दादा.

मुलगी : काका, पहिला स्क्रू फिरवला. तीन राहिले.

काका : हळू कर गं पोरी. मला काही घाई नाहीये.