नंबरवाल्यांचे दोन कॅमेरे

नाही पण मला सांगा, वजनकाटा कोणाचा? माझा. स्वयंपाकघर कोणाचं? माझं. आणि सकाळी सकाळी, माझा पिठाचा डबा बाजूला सारून, काटा कापडाने पुसून-बिसून, त्यावर ठेवलंय काय? कॅमेरा! एकदा मोठा, एकदा छोटा, मग मोठा त्याच्या पट्ट्यासकट, मग छोटा त्याच्या डबीसकट... आणि मी तोंड उघडायच्या आत दोन्ही माझ्या दोन हातांत कोंबून हे मलाच विचारतात, "डोळे मीट. आता सांग. हा बरा, की हा?"

हा बरा, की हा! कान किटले हो माझे. आठवडाभर घरात दुसरं वाक्य नाही.

तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान. अख्खी गल्ली त्यांना नंबरवाले म्हणते. आता मीही म्हणते, नाव घ्यायचा प्रश्नच मिटला. काम काय, तर अंधाऱ्या खोलीत माणसाला उंच खुर्चीत बसवायचं, नाकावर ती लोखंडी चौकट चढवायची, समोर अक्षरांचा तक्ता, आणि एक काच काढायची, दुसरी घालायची. "ही बरी, की ही?... आता? ही, की ही?" अगदी हळू, अगदी गोड. सगळा जन्म गेला ह्यात. आणि लोक सांगतात हो पटापट! पहिली, दुसरी, पहिली, झाला नंबर, चला घरी. मग मी म्हणते, जो माणूस दिवसभर दुसऱ्यांकडून ठरवून घेतो, त्याला स्वतःला एक कॅमेरा ठरवता येऊ नये? एक?

आणि कॅमेरा तरी कशाला हवा होता? तर आमची लेक निघाली समुद्रापलीकडे नोकरीला. रविवारी. तीन वर्षांची बोली आहे, मधे येणं होईल न होईल. आता बाप म्हणून माणसाने काय करावं? रडावं, उपदेश करावा, बॅगेला कुलूप आहे का बघावं. ह्यांनी एक दिवस जेवताना घास हातात धरून जाहीर केलं, "जायच्या आधी तिचा एक फोटो काढायचा. नीट. भिंतीवर लावण्यासारखा."

मी म्हटलं, अहो, फोन आहे की! ढिगाने फोटो आहेत!

तर म्हणतात, "फोनमधले फोटो कोणी बघतं का? अंगठ्याने वर ढकलले की गेले. तिला ढकलायचं नाहीये मला."

मी आपली उठून ताक आणायला गेले. तिथेच चुकले.

गेले कॅमेऱ्याच्या दुकानात. तो दुकानदार पडला ह्यांचंच गिऱ्हाईक. बोलणं असं की ऐकणाऱ्याला पेंग यावी. "साहेऽऽब, हा बघाऽऽ मिररलेस. आणि हा खिशातला, कॉम्पॅक्ट. आपापल्या जागी दोन्ही राजे!" मी विचारलं, मिररलेस म्हणजे काय हो? तर म्हणाला, "वहिनी, ह्याच्यात आरसा नसतो." अरे वा! म्हणजे असलेली वस्तू काढून घेतली आणि वर किंमत जास्त? मी उद्या बिनदाराचं कपाट विकायला काढते! पण नंबरवाले माझं ऐकतात कुठे, त्यांनी त्या मोठ्याची काच उजेडाकडे धरली होती आणि चेहरा असा झाला होता... लग्नात माझ्याकडे बघून झाला नव्हता हो! "काय काच आहे," म्हणाले. "कुठे एक रेघ नाही." मग छोट्याचं बटण दाबलं, तर झिर्रर करून त्याचं नाक बाहेर आलं, परत दाबलं, नाक आत. परत बाहेर. परत आत. अहो, खेळणं आहे का ते?

तर तो दुकानदार म्हणतो, "साहेऽब, तुम्ही मला तो दोन नंबरांचा चष्मा चार दिवस घालून बघायला दिला होतात की नाही? घेरी येते का बघा म्हणालात. तसे तुम्ही हे दोन्ही घरी न्या. सोमवारी एक ठेवा, एक परत द्या."

त्याचं भलं होवो! घरात एक सवत परवडली असती, ह्याने दोन पाठवल्या.

झालं. घरी आल्या आल्या नंबरवाल्यांनी काय केलं असेल? दुसऱ्या कोणी फुलाचा फोटो काढला असता, खिडकीचा काढला असता. ह्यांनी दुकानातून अक्षरांचा तक्ता आणून हॉलमध्ये टांगला! देवाशप्पथ! आणि सोफ्याच्या मागून त्याचे फोटो. मोठ्याने एक, छोट्याने एक. मग मला बोलावून, "शेवटची ओळ वाच. ह्यातली बरी, की ह्यातली?" अहो, मला ती ओळ समोरच्या तक्त्यावरची वाचता येत नाही, तुम्हीच माझा चष्मा केलाय!

मग लेकीला त्या तक्त्याशेजारी उभं केलं. आता एक सांगते, मोठा कॅमेरा समोर आला ना, की माणूस माणूस राहत नाही. तिने पोट आत घेतलं, हनुवटी वर, हसू असं की दातांच्या डॉक्टरकडे आलीय. मी शेजारी उभी, तर माझी मान आपोआप सरळ, हात कुठे ठेवायचे कळेना, जसं काही आम्हाला पकडून आणलंय. फोटो मात्र... खोटं का बोला? एकेक पापणी मोजून घ्यावी. तिच्या कपाळावरचा तो लहानपणचा व्रण, पाळण्यातून पडली होती तो, मी विसरून गेले होते हो, तोसुद्धा आला.

आणि छोटा? छोट्याला कोणी भीकच घालत नाही. नंबरवाले तो चष्म्याच्या डबीत घालून शर्टाच्या खिशात घेऊन हिंडणार, बोलता बोलता डबी उघडणार, झिर्रर, टिक. लेक तोंडात ब्रश घालून माझ्याशी भांडतेय, टिक. मोज्यांच्या जोड्या लावताना एक सापडत नाही म्हणून मोज्यालाच शिव्या देतेय, टिक. खदाखदा हसतेय, अर्धी चौकटीबाहेर, टिक. संध्याकाळी दिव्याखाली काढलेले तर असे, जसं कोणी वर रवा भुरभुरवलाय. पण ती हसतेय ना, ते ऐकू येतं हो त्यात!

मी म्हटलं, मग घ्या छोटा! नंबरवाले कपाळाला आठ्या घालून म्हणतात, "मोठ्यात ती स्पष्ट आहे. छोट्यात ती ती आहे." म्हटलं, मग? तर म्हणे, "तेच तर. हा बरा, की हा?"

डोक्याला ताप नुसता!

बरं, त्यात धाकटे भाऊजी आले. माझे दीर. त्यांचं सगळं कायम घाईत. "वहिनी, सेन्सर! सेन्सर बघा! मोठा सेन्सर म्हणजे मोठा! दादा, डोळे मिटून मोठा घे!" नंबरवाल्यांना वाटलं, ठरलं. जाता जाता दारात चपला घालताना भाऊजी म्हणतात, "पण मी म्हणतो, तो जवळ बाळगशील का? माझा मोठा कॅमेरा गेलं वर्षभर कपाटात झोपलाय." आणि गेले! आग लावून गेले! हे परत सोफ्यावर, एक मांडीवर, एक हातात.

आता खरी गंमत ऐका. नंबरवाल्यांची एक दुकानातली युक्ती आहे. गिऱ्हाईक खरं सांगतंय की उगाच हो ला हो करतंय, हे बघायला ते मधेच काच बदलल्यासारखं करतात आणि तीच काच परत घालतात. "ही, की ही?" आणि गिऱ्हाईक म्हणतं, दुसरी! मग हे मनात हसतात. तर हा प्रयोग पोटच्या पोरीवर! टीव्हीवर एक फोटो दाखवला, पडदा काळा केला, परत फोटो दाखवला. "हा बरा, की हा?" ती बिचारी खुर्चीवर चढून कपाटावरची मोठी बॅग ओढत होती, मान वळवून म्हणाली, "दुसरा. रंग बरा आलाय माझा." झालं! नंबरवाले सोफ्यावरून उठून नाचायचे बाकी! "एकच फोटो आहे! दोन्ही वेळा तोच! साक्ष बाद! चला, पहिल्यापासून!"

"बाबा!" ती ओरडली, "मला बॅग भरायचीय!"

"भर ना. भरताना काढतो."

आणि काढले हो. स्वेटरची घडी, मोठ्याने. तीच घडी मोडून परत, छोट्याने. बॅगेवर बसून ती चेन ओढतेय, मोठ्याने. "आता परत उघड, परत बस." आणि ती कार्टी, तोंडाने बडबड करत, परत उघडायची, परत बसायची! मी दारात उभी, अंगाचा नुसता तिळपापड. म्हटलं, आज ह्यांची जिरवतेच.

ती आंघोळीला गेली तेव्हा रिमोट मी घेतला. म्हटलं, बसा खुर्चीत. ह्यांचाच डाव ह्यांच्यावर! एक फोटो लावला, ती कपाटासमोर उभी, पाठमोरी, हातात तिचा जुना रेनकोट, नेऊ की नको अशा विचारात. पडदा काळा केला. परत तोच लावला. आणि अगदी ह्यांच्या आवाजात, हळू, गोड, "हा बरा... की हा?"

आता मी हसायच्या तयारीत! म्हणतील पहिला, म्हणतील दुसरा, आणि मी टाळी वाजवणार! तर हे पुढे वाकून बघताहेत. बघताहेत. मी म्हटलं, अहो, सांगा! तर चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला आणि म्हणाले, "माझाच नंबर बदललाय वाटतं. दोन्ही अंधूक दिसताहेत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला हो. माणूस कॅमेरा निवडतच नव्हता! निवडला की संपलं ना! एक ठेवायचा, एक परत द्यायचा, एक फोटो काढायचा, भिंतीला लावायचा, मग काय निमित्त राहिलं? नुसतंच पोरीकडे टक लावून बसलं तर ती म्हणणार, बाबा काय बघताय? आणि ह्यांना काय ते सांगता येतं? जन्मात नाही आलं! हातात दोन कॅमेरे असले की कितीही बघा, कोणी विचारत नाही. मला इतकं वाईट वाटलं... आणि इतका राग आला, की मला कसं नाही सुचलं हे!

म्हणून त्यानंतर मी चकार शब्द काढला नाही. उलट मीच विचारायला लागले, "अहो, चहा पिताना नाही काढलात अजून? दोन्हीने काढा."

रविवार उजाडला. विमानतळावर नंबरवाले दोन्ही घेऊन तयार, मोठा गळ्यात, छोटा खिशात. मी म्हटलं, आता हिला आत जाताना काढतील, मग तिला परत बोलावतील, "छोट्याने राहिला," म्हणून. पहारेकरी आम्हाला आत टाकणार! लेक माझ्या गळ्यात पडली, ह्यांच्या पाया पडायला वाकली तर ह्यांनी मधेच उचलली. "पोचलीस की फोन कर," एवढंच. ती आत वळली, काचेपलीकडून हात हलवायला लागली. मी म्हटलं, अहो, काढा! काढा ना! तर ह्यांनी मोठा गळ्यातून काढून माझ्या हातात दिला. छोटा खिशातून काढून माझ्या दुसऱ्या हातात दिला. आणि दोन्ही हात वर करून हलवत राहिले, ती दिसेनाशी झाली तरी, तिच्या मागच्या बाईला वाटलं तिलाच हात करताहेत, तिनेही केला!

एक फोटो नाही काढला त्या दिवशी. एकही नाही.

सोमवारी दुकानदार स्वतःच दारात. "साहेऽऽब, ठरलं का?" नंबरवाले म्हणाले, "न्या दोन्ही." अगदी शांत. आता पोरगीच नाही, कॅमेरा घेऊन काय करायचंय? मी दोन्ही पुसले, त्याच्या पुढ्यात ठेवले, तेवढ्यात लेकीचा फोन! पोचली, जेवली, खोली बरी आहे, थंडी आहे, रेनकोट नेला ते बरं झालं. आणि मग म्हणते, "आई, बाबांनी माझे दोन-दोन फोटो पाठवलेत सगळे. पण बाबा कशातच नाहीत गं. मला बाबांचा एक पाठव ना. भिंतीवर लावण्यासारखा."

मी दुकानदाराला म्हटलं, भाऊ, हात लावायचा नाही! ठेवा तिथेच! मी नंबरवाल्यांना खिडकीपाशी बसवलं, केस नीट केले, कॉलर नीट केली. "हसू की नको?" "हसा!" "दात दाखवू?" "अहो, बसा गप्प!" मोठ्याने एक. छोट्याने एक. आयुष्यात पहिल्यांदा काढले हो मी! दुकानदार मागून, "वहिनीऽऽ, श्वास धरा," आणि मी श्वास धरून बघितलं तर, काय सांगू तुम्हाला, मोठ्यात ह्यांच्या सुरकुत्या अशा सुरेख आल्यात, कानाशेजारचे पांढरे केससुद्धा चमकताहेत... पण छोट्यात ना, ओठाच्या कोपऱ्यात ते जरासं, फक्त मलाच माहीत असलेलं हसू आलंय... मला काही सुचेचना! मी दोन्ही पाठवून दिले आणि लेकीलाच विचारलं, "सांग गं, हा बरा, की हा?"

दुकानदार कपाळाला हात लावून आमच्या सोफ्यावर बसला.

लेकीचं लगेच उत्तर. "आई, दोन्हीत बाबांचे डोळे मिटलेत."