शेजारच्या सीटपुढचं बटण

“राहायला ये, तुझ्यासाठी खोली रंगवलीय,” असं बहिणीनं लिहिलं होतं. एवढं अगत्य कशासाठी, या शंकेनं मी उत्तरच दिलं नव्हतं. स्कूटर दुरुस्तीला टाकून गॅरेजच्या बाकावर बसलो होतो. समोर एका जोडप्याच्या जीपला जादा एलईडी दिवे बसवणं चाललं होतं.

“डोंगरात एकटेच जाता ना?” बायकोनं नवऱ्याला विचारलं.

“हो गं.”

“मग दिव्यांचं बटण शेजारच्या सीटपुढे कशाला? कोण बसतं तिथं?”

“मिस्त्री, सांगा हिला.”

“मला मध्ये ओढू नका, साहेब.”

“म्हणजे हेही सामील!”

“अगं, समोरून गाडी आली की ‘दिवे बंद करा’ म्हणून कोण ओरडायचं?”

“मी. पण हल्ली मी येते कुठं?”

“येत नाहीस, म्हणूनच. आता सोबत ये नि तूच बंद करत जा.”

“…मी नसले की कुणी हात लावायचा नाही हं त्याला.”

संध्याकाळी बहिणीला ‘येतो’ एवढंच लिहून पत्र पेटीत टाकलं.