हिरवी तार

अक्कलकोट रोडच्या गॅरेजात पंक्चर काढायला थांबलेल्या सिद्धूचे कान, एका अंगाला कललेल्या जुन्या कॅरव्हॅनखाली वाकलेल्या नवराबायकोकडं लागले होते.

“मिस्त्री, चाकावरचा गाडी उचलणारा हवेचा फुगा दोनदा बदलला, तरी गाडी लंगडीच! उद्या लेकीकडं विजापूरला जायचं कसं?”

“तिसरा टाकू की, काकू.”

“थांबा! फुग्यात हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या दांडीला ही हिरवी तार कुणी बांधली? कपडे वाळवायची तार हाय ही माझी!”

“सुंदरम्मा, गाडीत झोपल्यावर तुझी बाजू खाली जाते म्हणालीस. ती उचलावी म्हणून मीच बांधली.”

“अहो, झोपायची जागा बदला म्हटलं होतं, गाडी वाकडी करा नव्हे!”

“आता काय करायचं, काकू?”

“मिस्त्री, तार सोडा. उद्या गाडी मी नेते. हे येतील एस्टीनं!”