दादांच्या पत्त्यावरून आलेली मेल

मी, घरच्या आणि गल्लीतल्या नावाने छोटी, वय ४७ वर्षे, धंदा पुस्तकांची अक्षरजुळणी व मुद्रितशोधन, राहणार पाण्याच्या टाकीमागची गल्ली, दुसरा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते आणि पुढच्या खोलीत संगणकावर काम करते. माझे थोरले भाऊ, ज्यांना मी दादा म्हणते, यांचे खालच्या चौकात कानाच्या मशीनचे दुकान आहे. लोकांचे कान तपासणे, मशीन बसवणे, आवाज जुळवून देणे हे काम ते करत. मागील वर्षी ते वारले. दुकान आता वहिनी उघडतात, परंतु आवाज जुळवण्याचे काम त्यांना येत नसल्याने फक्त बॅटरी विकणे व मशीन साफ करून देणे एवढेच चालते.

दादांची बरीचशी गिऱ्हाइके वयस्कर आहेत. मशीन असले तरी फोनवरचे बोलणे त्यांना नीट कळत नाही. त्यामुळे ती मंडळी दादांना मेल करत आणि दादाही मेलनेच उत्तर देत. दादांच्या पत्त्यावरून काही आले की ती ते उघडणारच, हे मी या ठिकाणी मुद्दाम सांगते.

मागील सोमवारी सकाळी मी कामाला बसले असता दादांच्या पत्त्यावरून मला मेल आली. मजकूर असा होता: "प्रिय छोटि, उत्तराला उशीर झाला. सोबतची फाइल उघडून बघ." त्याखाली मी पूर्वी त्यांना पाठवलेली मेल जोडलेली होती. ती मेल मी दादा गेल्यानंतर पाठवली होती. तिच्यातला मजकूर या जबाबात घेऊ नये, अशी माझी विनंती आहे.

मेल खोटी आहे अशी शंका आली नाही का, असे विचारल्यावरून सांगते की, दुसऱ्याच्या चुका शोधण्यावरच माझे पोट आहे. "छोटि"ला ऱ्हस्व वेलांटी आहे हे मला पहिल्या नजरेत दिसले. दादांनी मला जन्मात कधी "प्रिय" लिहिले नाही, हेही मला माहीत आहे. दिसले, कळले, तरी मी फाइल उघडली.

फाइलमध्ये काही नव्हते. थोड्या वेळाने माझ्या कामाच्या फाइलींची नावे एकेक करून बदलू लागली. मी इंटरनेटची वायर ओढून काढली व संगणक बंद केला. नंतर संगणक दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावले. त्यांनी पाहून सांगितले की हा व्हायरस आहे, संगणक पुसून सगळे नव्याने घालावे लागेल. माझी जुनी कामे वेगळ्या हार्डडिस्कवर कपाटात ठेवलेली असल्याने वाचली. ती डिस्क संगणकाला जोडलेली असती तर तीही गेली असती, असे त्या म्हणाल्या. चालू पुस्तकाचे काम गेले, ते मी भाड्याने आणलेल्या संगणकावर पुन्हा करत आहे.

दुरुस्तीवाल्या बाईंनी मला असेही सांगितले की, मागितलेली नसताना फाइल आली तर पाठवणाऱ्याला आधी फोन करून विचारायचे, मगच उघडायची. मी म्हणाले, "मला तशी सोय नव्हती."

मी वहिनींना बोलावून घेतले. त्यांच्याकडून पासवर्ड घेऊन बाईंनी स्वतःच्या संगणकावरून दादांचे खाते उघडून पाहिले. पासवर्ड जुना व सोपा होता, तो कोणीतरी मिळवला असावा. त्या खात्यातून तशीच मेल दादांच्या सर्व गिऱ्हाइकांना गेलेली होती. प्रत्येक मेलखाली त्या त्या माणसाचे जुने पत्र जोडलेले होते. बाईंनी पासवर्ड बदलला, इतर ठिकाणी उघडे असलेले खाते बंद केले आणि यापुढे खाते उघडताना वहिनींच्या फोनवर आकडा येईल अशी व्यवस्था केली. खाते कायमचे बंद करावे असा त्यांचा सल्ला होता. वहिनी म्हणाल्या, "कुलूप हवं तेवढं मोठं लावा. पण बंद नको." मी वहिनींच्या बाजूने बोलले.

गिऱ्हाइकांना सावध करायचे कसे, हा प्रश्न होता. दादांच्या पत्त्यावरून मेल पाठवावी, तर त्याच पत्त्यावर विश्वास ठेवू नका असे सांगायचे होते. माझ्या पत्त्यावरून पाठवावी, तर मला कोणी ओळखत नव्हते. फोनचा उपयोग नव्हता. म्हणून घरोघरी जायचे असे मी ठरवले. वहिनी म्हणाल्या, "अगं, एकटी कुठे जातेस, मीही येते." मंगळवारी त्यांनी दुकान बंद ठेवले व आम्ही दोघी निघालो.

प्रत्येक घरी दोन गोष्टी सांगाव्या लागत होत्या. एक, ती मेल उघडू नका. दुसरी, दादा गेले. पहिली सांगितली की "मग त्यालाच विचारतो ना" असे उत्तर येई, त्यामुळे दुसरी टाळता येत नव्हती. पुष्कळांना ती माहीत नव्हती. ऐकू कमी येत असल्याने सगळे मोठ्याने सांगावे लागे. पहिल्या घरी ते वहिनींनी सांगितले. त्यांना ते तीनदा सांगावे लागले. शेजारच्या दारातली माणसे बाहेर आली. दुसऱ्या घरापासून मी सांगू लागले. त्याआधी हे वाक्य मी कोणाजवळ तोंडाने बोलले नव्हते.

बाजापेटी दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनी फाइल उघडली होती. संगणक बंद केल्यास सर्व नष्ट होईल अशी धमकी पडद्यावर आली होती, म्हणून ते आदल्या दिवसापासून त्याच्यासमोर बसून होते. बायको जेवणाचे ताट तिथेच आणून देत होती. मी वायर काढली, संगणक बंद केला आणि त्यांना अंघोळीला जायला सांगितले. ते गेले.

एका निवृत्त मुख्याध्यापिकेने मेल उघडली नव्हती. कारण विचारता त्या म्हणाल्या, "त्यात मला 'तू' लिहिलंय. मला अरे-तुरे करायची त्याची छाती होती का?" वहिनी हसल्या. दादा गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिले नव्हते. त्यानंतर मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला बसवून घेतले व चहा केला.

शेवटचे घर एका सुताराचे होते. गल्लीत त्यांना काका म्हणतात. दारातूनच मी सवयीने ओरडून सुरुवात केली. काका म्हणाले, "एवढं ओरडू नकोस, पोरी. ऐकू येतंय मला. तुझ्या भावानेच लावून दिलंय." मग त्यांनी आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिले. कानातले मशीन काढून त्यांनी रंध्याशेजारी ठेवले आणि म्हणाले, "हं. आता सांग."

दादा गेले, हे मी माझ्या नेहमीच्या आवाजात सांगितले. काका माझ्या ओठांकडे पाहत होते. त्यांनी मशीन परत कानात घातल्यावर मी मेलबाबतच्या सूचना दिल्या. त्या त्यांनी नीट ऐकून घेतल्या व वहिनींना विचारले की दुकानाच्या दाराची चौकट अजून घासते का. घासते असे समजल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते हत्यारे घेऊन दुकानी हजर झाले.

दादांच्या पत्त्यावर कोणी लिहिल्यास आता आपोआप उत्तर जाते. मजकूर वहिनींनी केला आहे, मी फक्त टाइप केला: "हे आता नाहीत. बॅटरी आणि सफाईसाठी दुकानात या, मी असते. या पत्त्यावरून आलेली कोणतीही फाइल उघडू नका."

ठाणे अंमलदार यांनी मला समजावून सांगितले की असे गुन्हेगार बहुधा दूरवर कुठेतरी बसलेले असतात, सापडतीलच असे नाही, आणि जुनी पत्रे जोडण्याचे काम यंत्रच करते, ती कोणी वाचत नाही. हे मला समजले. तरीही माणसाने म्हणा की यंत्राने म्हणा, माझ्या दादांना लिहिलेले पत्र दुसऱ्याच कोणी उघडले आणि त्यांच्या नावाने मला उत्तर दिले. याबाबत माझी तक्रार आहे. ती मी मागे घेणार नाही. तपासासाठी माझा संगणक अजून पुसलेला नाही, तसाच सोबत आणला आहे. बोलावाल तेव्हा येईन.

माझा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. सोबत आलेल्या वहिनींनीही तो ऐकला. मी जे आणि जेवढे सांगितले तेवढेच त्यात आले आहे, ते खरे व बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.